सेफ्टीचा वरचा डिप्लोमा: एक शेड, एक वही, एक वर्ष

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कुंकळ्ळी, डिचोली. गोव्याच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत दोन-चार वर्षे काढलेला मेन्टेनन्सचा किंवा प्रॉडक्शनचा माणूस सेफ्टीकडे वळायचे ठरवतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन नावे येतात: एडीआयएस आणि नेबॉश. मित्र एक सांगतो, क्लासवाला दुसरे. दोन्ही वरच्या पातळीचीच पण दोघांचे काम निराळे आहे. फी भरण्याआधी हा फरक समजून घ्या, कारण चुकीचा कागद हातात आला तर वर्षही गेले आणि पैसेही.

कुठला कागद कशासाठी

एडीआयएस म्हणजे ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी. हा साधारण एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. भारतातल्या कारखान्यात कायद्याने नेमलेला सेफ्टी ऑफिसर व्हायचे असेल तर हा किंवा याच्या बरोबरीचा, राज्य सरकारने मान्य केलेला डिप्लोमा लागतो. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. केंद्राच्या डीजीफासली या खात्याची ही संस्था असा अभ्यासक्रम चालवते. महाराष्ट्रात तंत्रशिक्षण मंडळामार्फतही तो चालतो.

नेबॉश हे ब्रिटनमधले परीक्षा मंडळ. त्यांचा वरचा अभ्यासक्रम म्हणजे इंटरनॅशनल डिप्लोमा फॉर ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी मॅनेजमेंट प्रोफेशनल्स. तिकडच्या मोजपट्टीवर तो लेव्हल 6 म्हणजे ऑनर्स पदवीच्या पातळीचा आहे. आखातात, तेल-वायू प्रकल्पांवर किंवा परदेशी मालकीच्या कंपनीत जायचे असेल तर जाहिरातीत हाच मागितलेला दिसतो. मात्र नेबॉश आहे म्हणून गोव्यातल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून कायदेशीर नेमणूक आपोआप मिळेल, असे धरून चालू नका.

मान्यतेची चौकशी क्लासकडे करू नका. पणजीत आल्तिनोवर कारखाने आणि बाष्पक निरीक्षणालय आहे. तिथे अभ्यासक्रमाचे आणि संस्थेचे पूर्ण नाव लिहून लेखी विचारा. तोंडी 'चालतं हो' पुढे नेमणुकीच्या वेळी उपयोगाला येत नाही. नेबॉशसाठी क्लासचे नाव त्यांच्या संकेतस्थळावरच्या लर्निंग पार्टनरच्या यादीत आहे का ते पाहा. 'पंधरा दिवसांत सेफ्टी ऑफिसर' अशा जाहिराती मडगाव-म्हापशाच्या बसस्टँडवरही लागतात. त्या कागदाचा उपयोग तो फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरताच.

प्रवेशाआधीची कागदपत्रे

सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेचा रूढ साचा असा आहे: अभियांत्रिकीची पदवी आणि कारखान्यात सुपरवायझर पातळीवर 2 वर्षे, किंवा अभियांत्रिकीचा डिप्लोमा आणि 5 वर्षे, किंवा भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्राची पदवी आणि 5 वर्षे. यावर सेफ्टीचा डिप्लोमा. आणि एक अट बहुतेक जण वाचतच नाहीत: कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. तिच्याकडे शेवटी येऊ.

घोटाळा होतो तो अनुभवाच्या दाखल्यात. पत्रावर पदनाम 'टेक्निशियन' किंवा 'ऑपरेटर' असते आणि प्रत्यक्षात तो माणूस शिफ्ट सांभाळत असतो. दाखल्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख (अजून कामावर असाल तर तसा उल्लेख), हाताखाली किती माणसे होती आणि कुठल्या विभागाची देखरेख केली, हे चारही मुद्दे स्पष्ट हवेत. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असाल तर कंत्राटदाराचे पत्र घ्याच, शिवाय तुम्ही कुठल्या कारखान्यात होता याचे मूळ कंपनीचे पत्रही घ्या. नोकरी सोडल्यावर हे मागायला गेलात तर एचआरचे साहेब सतत 'मीटिंगमध्ये' असतात. आत असतानाच घ्या.

नेबॉश डिप्लोमाला अशी औपचारिक अट नाही. तरीही आधी त्यांचे जनरल सर्टिफिकेट केलेले बरे. थेट डिप्लोमाला उडी मारणारे पहिल्याच युनिटमध्ये अडकतात. विषय कठीण असतो म्हणून नव्हे, उत्तर लिहिण्याची त्यांची पद्धत अंगवळणी पडलेली नसते म्हणून.

शेड निवडा

आता खरे काम. अभ्यासक्रम हातात आला की लोक पहिल्या पानापासून वाचायला बसतात. हॅझर्ड, रिस्क, सेफ्टी कल्चर, मॅनेजमेंट सिस्टिम, सगळे शब्द ओळखीचे वाटतात आणि तीन महिन्यांनी काहीच आठवत नाही. त्याऐवजी एक शेड निवडा आणि वर्षभर प्रत्येक धडा त्याच शेडमध्ये उतरवा. ती तुमच्या नोकरीचीच असेल तर उत्तम. नसेल तर जिथे महिन्यातून दोनदा आत जाऊ देतील अशी बघा.

निवडताना जागा आकाराने मोठी आहे का ते बघू नका, तिथे धोक्यांचे किती प्रकार आहेत ते मोजा. नुसते गोदाम घेतले तर अर्धा अभ्यासक्रम उतरणार नाही. गोव्यात या कामाला मासळी प्रक्रियेचा मध्यम कारखाना फार चांगला. अमोनियाचे रेफ्रिजरेशन, उणे 18 अंशांचे कोल्ड स्टोअर, ओली फरशी, सुऱ्या, फोर्कलिफ्ट, कॉम्प्रेसरचा आवाज, सांडपाण्याची टाकी, छपरावरचे पत्रे, कंत्राटी कामगार, रात्रपाळी. डिप्लोमातला जवळजवळ प्रत्येक विषय एका छपराखाली. काजूचा कारखानाही चालेल: टरफलातल्या तेलाने हात भाजतात, बायका तासन् तास एकाच बैठकीत बसतात, वर भट्टीची धग. औषधांची कंपनी घेतली तर रसायने आणि धूळ भरपूर मिळेल, पण आत जाण्याची परवानगी मिळवताना घाम फुटेल.

एक जाड वही घ्या. डाव्या पानावर पुस्तकातला मुद्दा एका वाक्यात, उजव्या पानावर तो त्या शेडमध्ये नेमका कुठे दिसतो ते: कुठले यंत्र, कुठला दरवाजा, किती मीटर, किती किलो, कोण करतो, किती वेळा. 'फरशी निसरडी' असे लिहू नका. 'ग्रेडिंग टेबल आणि प्लेट फ्रीजरच्या मध्ये साधारण चार मीटर पट्टा. नाल्याची जाळी खवल्यांनी तुंबते म्हणून पाणी साचते. धुण्याचे काम दर दोन तासांनी' असे लिहा. कारण कळले की उपाय आपोआप सुचतो: इथे बूट बदलण्याआधी जाळी बदलायला हवी.

कायदा: दोन रकाने

एडीआयएस करणाऱ्यांची सध्या इथेच सर्वांत जास्त गफलत होते. वर्षानुवर्षे सगळे शिक्षण कारखाने अधिनियम, 1948 वर उभे होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, 2020 लागू झाली. जुन्या प्रश्नपत्रिका, शिक्षकांची टिपणे आणि कारखान्यातले जुने फलक अजून 1948 च्या कलमांतच बोलतात. जुन्या कायद्याखालचे नियमही, संहितेशी विसंगत नसतील तिथवर, बदल होईपर्यंत उपयोगात राहतात. म्हणून वहीत दोन रकाने करा, जुने आणि नवे.

नमुन्यादाखल. जुन्या कायद्यात वीज वापरून 10 किंवा विजेशिवाय 20 कामगार असले की 'कारखाना'. संहितेत हे आकडे 20 आणि 40 झाले. जुन्या कलम 40-बी प्रमाणे 1000 कामगारांवर, किंवा सरकारने धोकादायक ठरवलेल्या ठिकाणी, सेफ्टी ऑफिसर. संहितेच्या कलम 22 प्रमाणे साध्या कारखान्यात 500, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात 250, बांधकामावर 250 आणि खाणीत 100. नोकरीच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. गोव्यात हजार कामगारांचे कारखाने मोजके, पाचशेच्या टप्प्यात त्याहून जास्त येतात.

जुन्या कायद्यातली काही कलमे मात्र आशयासकट पाठ हवीत, कारण त्यांच्यामागचा तांत्रिक विचार बदललेला नाही. कलम 21 यंत्रांची कुंपणे, 28 लिफ्ट, 29 उचलयंत्रे, 31 दाबाची भांडी, 36 धोकादायक वायू असलेल्या बंदिस्त जागा, 36-ए अशा जागेत 24 व्होल्टवरच्या हातदिव्याला बंदी, 38 आग, 88 अपघाताची सूचना. 41-ए ते 41-एच हा धोकादायक प्रक्रियांचा भाग 1987 च्या दुरुस्तीने आला, आणि तो भोपाळमुळे आला. त्याच धड्यात डिसेंबर 1986 चा एम. सी. मेहता निकाल येतो. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'संपूर्ण दायित्व' मांडले, म्हणजे चूक असो-नसो, नुकसानीची पूर्ण जबाबदारी धोकादायक उद्योगाची. ब्रिटिश कायद्यातल्या 'कठोर दायित्वा'ला अपवाद होते, याला नाहीत. हा फरक उत्तरात एका वाक्यात आला तरी परीक्षकाला कळते की मुलाने वाचले आहे.

खाण हा वेगळा मुलूख. डिचोली-सत्तरीकडच्या खनिज खाणींवर देखरेख खाण सुरक्षा महासंचालनालयाची, आणि तिथली पात्रतेची प्रमाणपत्रेही वेगळी. खाणीतच नोकरी करायची असेल तर एडीआयएसच्या आधी ती वाट बघा. मुरगाव बंदरातल्या गोदी कामगारांसाठीही 1986 चा स्वतंत्र कायदा होता. तोही आता संहितेतच सामावला आहे.

नेबॉशवाल्यांना भारतीय कलमे लागत नाहीत. त्यांनी आयएसओ 45001:2018 (सुरक्षा व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) आणि आयएलओची (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची) 155 आणि 187 क्रमांकाची कन्व्हेन्शन नीट वाचावीत. सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हे तत्त्व आयएलओने 2022 मध्ये मूलभूत हक्कांत धरले. पुस्तक जुने असेल तर त्यात ते नसते.

गणिते: सोपी असतात, तरी गुण जातात

आवाजापासून सुरू करा. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. 90 डेसिबलचे दोन कॉम्प्रेसर शेजारी लावले की आवाज 180 होत नाही, 93 होतो. दुसरा सापळा याहून वाईट. डीजीफासलीच्या आदर्श नियमांत 8 तासांना 90 डेसिबल आणि दर 5 डेसिबलला वेळ निम्मा: 95 ला 4 तास, 100 ला 2 तास, 105 ला 1 तास. ब्रिटन-युरोपच्या पद्धतीत दर 3 डेसिबलला निम्मा आणि कारवाईची वरची पातळी 85.

फरक आकड्यांत बघा. आपल्या शेडमधला ऑपरेटर 95 डेसिबलमध्ये 2 तास आणि 100 डेसिबलमध्ये 1 तास असतो. भारतीय हिशेबाने 2/4 + 1/2 = 1, म्हणजे डोस (चालेल तेवढ्या आवाजापैकी कानावर किती पडला) 100 टक्के, अगदी काठावर. 85 आणि 3 च्या हिशेबाने 95 ला सुमारे 48 मिनिटे आणि 100 ला फक्त 15 मिनिटे मिळतात. डोस 650 टक्क्यांच्या आसपास जातो. तोच माणूस, तीच खोली. म्हणून उत्तराच्या पहिल्या ओळीतच कुठली पद्धत वापरता ते लिहा. ते न लिहिता दोन्ही पद्धतींचे आकडे मिसळले की बरोबर गणितही चुकीचे ठरते.

अपघातदराचेही तेच. भारतीय मानक आयएस 3786 प्रमाणे वारंवारता दर दहा लाख मनुष्यतासांवर काढतात, अमेरिकी पद्धतीत 2 लाखांवर. 250 कामगार, आठवड्याला 48 तास, 50 आठवडे: 6 लाख मनुष्यतास. ज्यांत कामाचा वेळ बुडाला असे अपघात 3. भारतीय दर 5, अमेरिकी दर 1. आखाती मुलाखतीत 'आमचा दर एक आहे' असे ऐकून भारावू नका, भाजक विचारा. आणि मृत्यू झाला तर तीव्रता दरात (अपघातांमुळे बुडालेल्या दिवसांच्या दरात) 6000 दिवस धरायचे, हे विसरले की पूर्ण उत्तर कोसळते.

उचलण्याच्या कामाचे गणित नायोश या अमेरिकी सरकारी संस्थेच्या सूत्राने करतात. मूळ वजन 23 किलो आणि त्याला गुणक लागतात. मासळीचा क्रेट जमिनीपासून 15 सेंटीमीटरवरून उचलून 75 वर ठेवायचा, हात शरीरापासून 40 सेंटीमीटर पुढे, मिनिटाला एकदा, पूर्ण पाळी, पकड चांगली. गुणक अनुक्रमे अंतराचा 0.625, उंचीचा 0.82, प्रवासाचा 0.895, वारंवारतेचा 0.75. गुणाकार सुमारे 7.9 किलो. क्रेट 30 किलोचा असेल तर निर्देशांक 3.8, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सगळ्यात जास्त घट कुठून आली ते बघा: 40 सेंटीमीटरच्या अंतराने. टेबलाखाली पाय घालायला जागा केली, माणूस क्रेटजवळ गेला आणि अंतर 25 वर आले की तो गुणक 1 होतो. 'कामगारांना योग्य पद्धतीने उचलण्याचे प्रशिक्षण द्यावे' हे प्रत्येक जण लिहितो. गुण टेबलाला आहेत.

दोरांचेही एक गणित करून ठेवा. दोन पायांच्या स्लिंगने 1 टनाची मोटर उचलताना पाय उभ्या रेषेशी 30 अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे 0.58 टन ताण. 60 अंशांत असतील तर पूर्ण 1 टन. अंश उभ्या रेषेशी धरलाय की आडव्या, हे आकृतीत दाखवा, नाहीतर उत्तर उलटे होते.

जिथे माणसे मरतात तो भाग

इथे घाई करू नका. परीक्षेतही या भागाला वजन आहे आणि नोकरीत तर आहेच.

बंदिस्त जागा: कारखान्याची सांडपाण्याची टाकी. तपासण्याचा क्रम आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. क्रमाला कारण आहे. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर जळण्याच्या तत्त्वावर चालतो, त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी असेल तर तो खोटा, कमी आकडा दाखवतो. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, ज्वलनशील वायू त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या (ज्या प्रमाणापासून तो पेट घेऊ शकतो) 10 टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमखाली (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग). हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, म्हणून नळी वर, मध्ये आणि खाली अशी तीन उंचींवर सोडायची. शंभर पीपीएमच्या आसपास तो नाकाची संवेदनाच मारतो, त्यामुळे 'वास गेला, आता उतर' हे वाक्य मरणाचे आहे. आणि एक माणूस आत पडला की दुसरा वाचवायला उतरतो, मग तिसरा. म्हणून उत्तरात बाहेरचा पहारेकरी, तिपाई आणि विंच यांचा उल्लेख आल्याशिवाय पूर्ण गुण नाहीत. पहारेकऱ्याचे काम एकच: आत न जाणे.

काजूच्या मोसमात घरी रस आंबवणाऱ्या वाचकाने हा धडा थोडा जपून वाचावा. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो आणि बंद खोलीत तळाशी साचतो.

अमोनिया उलट, हवेपेक्षा हलका. पण गळती थंड द्रवाची असेल तर त्याचे पांढरे धुके आधी जमिनीलगतच सरकते. ही बारीक गोष्ट उत्तरात आली पाहिजे. द्रव अमोनियाच्या डबक्यावर थेट पाणी मारायचे नाही, पाण्याच्या उबेने तो आणखी उकळतो. पाण्याचा पडदा वाफेसमोर, वाऱ्याच्या दिशेला. बाहेर पडण्याची वाट वाऱ्याला आडवी किंवा वाऱ्याविरुद्ध, म्हणून वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा (विंडसॉक) आवारातून कुठूनही दिसला पाहिजे. तुमच्या शेडमध्ये तो कुठून दिसत नाही, ते वहीत लिहा. कोल्ड स्टोअरचा दरवाजा आतून उघडतो का आणि आतली घंटा बाहेर ऐकू येते का, तेही तपासा.

छप्पर: मे महिना उजाडला की गोवाभर पावसाआधी सिमेंटचे पत्रे बदलण्याची लगबग सुरू होते. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, पण शेवाळाखाली तो किती खराब झालाय ते दिसत नाही. उपाय म्हणून हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) लिहून मोकळे होऊ नका, हिशेब करा. दोरी 2 मीटर, शॉक ॲब्सॉर्बर उलगडून 1.75, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत 1.5, सुरक्षिततेसाठी 1. एकूण सव्वासहा मीटर मोकळी जागा अडकवण्याच्या बिंदूखाली हवी. शेडची उंची पाच मीटर असेल तर हार्नेस बांधलेला माणूसही जमिनीवर आपटतो. तिथे फळ्या टाकून केलेला चालण्याचा मार्ग, खाली जाळी किंवा सरळ खालून लिफ्टने काम, असे उपाय आधी येतात. हार्नेस शेवटी.

आगीसाठी गोव्यातलेच उदाहरण सगळ्यांना आठवते: जानेवारी 2023 मध्ये पिळर्णच्या वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्याला लागलेली आग. अभ्यासाला असे प्रसंग घ्या, पण वर्तमानपत्रातल्या तर्कावर कारण ठरवू नका. ज्वलनशील द्रवाच्या साठ्याला काय लागते, गळलेला द्रव अडवणारे कुंड किती आकारमानाचे असावे, वसाहतीत शेजारच्यांना कसे कळवायचे, हे प्रश्न त्या प्रसंगावरून स्वतःच तयार करा.

उत्तर लिहिणे

दोन्हीकडे परीक्षा इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांना भीती वाटते, पण अडचण भाषेपेक्षा क्रियापदाची असते. 'आयडेंटिफाय' असेल तर नुसते नाव पुरते. 'आउटलाइन' असेल तर प्रत्येक मुद्द्यामागे थोडक्यात काय ते. 'डिस्क्राइब' असेल तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर चित्र उभे राहिले पाहिजे. 'एक्स्प्लेन' आले की 'कारण' हवेच. वहीत आधी मराठीत किंवा कोंकणीत विचार करा आणि मग सोप्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. लांब इंग्रजी वाक्य लिहिण्याचा मोह आवरा. परीक्षक भाषेला गुण देत नाही.

उपाय लिहिताना क्रम पाळा: धोका काढून टाकणे, बदलणे, यंत्राने रोखणे, कामाची पद्धत, मग हातमोजे-बूट. बहुतेकांचा क्रम उलटा असतो, कारण हातमोजे आठवायला सोपे.

नेबॉशचा डिप्लोमा 2021 पासून तीन युनिटांत आहे. पहिला तत्त्वांचा, दुसरा आरोग्याच्या धोक्यांचा, तिसरा सुरक्षेच्या धोक्यांचा. मूल्यमापन असाइनमेंट आणि प्रसंगावर आधारलेले, म्हणजे घरी बसून लिहायचे. इथे नक्कल करणारे सापडतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी 'पास झालेली' असाइनमेंट शब्द बदलून पाठवली की ती तपासणीत पकडली जाते आणि पुढची दारे बंद होतात. तुमच्या वहीचे उजवे पान इथे कामाला येते. त्यातले मीटर आणि किलो दुसऱ्या कुणाकडेच नसतात.

एडीआयएसच्या प्रकल्पात नेहमीची चूक म्हणजे विषय फार रुंद. 'कारखान्यातील सुरक्षितता' हा विषय नव्हे. 'कोल्ड स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट आणि पायी चालणारे यांची गाठ' हा विषय. एक दिवस दारापाशी उभे राहून दर पंधरा मिनिटांनी किती फोर्कलिफ्ट आणि किती माणसे गेली ते मोजा. हा एक तक्ता चाळीस पानांच्या उताऱ्यांहून भारी. जे मोजले त्याची तारीख, वेळ आणि वापरलेले उपकरण लिहा. आवाज मोबाइलच्या ॲपने मोजला असेल तर तसे सांगा आणि त्यावर निष्कर्ष टेकवू नका.

वर्षाची आखणी

शिफ्ट करून आठवड्याला आठ ते दहा तास निघतात, त्याहून जास्त धरले तर तिसऱ्या आठवड्यात मोडते. रात्रपाळीच्या आठवड्यात वाचन ठेवू नका, फक्त वही.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. मासळीचे कारखाने तेव्हा मंद असतात आणि मोठी दुरुस्ती याच काळात निघते: अमोनियाचे वॉल्व उघडतात, टाक्या साफ होतात, कंत्राटदार आत येतात. वर्क परमिट (धोकादायक कामाची लेखी परवानगी), लॉक-आउट (दुरुस्तीवेळी यंत्र चालू होऊ नये म्हणून कुलूप), बंदिस्त जागा, कंत्राटदारांचे नियंत्रण हे धडे याच दोन महिन्यांत घ्या. ऑगस्टपासून उत्पादन भरात येते, मग आवाज, उचलणे, थंडी, रात्रपाळी. चवथीचे दिवस हिशेबातून वगळा. गावी जायचेच आहे, तर पुस्तक नेऊन उगाच स्वतःला फसवू नका. नोव्हेंबर ते जानेवारी कायदा आणि गणिते. 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला बहुतेक ठिकाणी बॅनर आणि शपथ असते. त्या आठवड्यात व्यवस्थापनाचा मूड चांगला असतो, प्रकल्पासाठी रजिस्टर बघायची परवानगी तेव्हा मागा.

आणि ती भाषेची अट. आपल्या शेडमध्ये मुकादम कोंकणी बोलतो, ऑफिस मराठी-इंग्रजीत, लाइनवरच्या मुली कन्नड, लोडिंगची माणसे ओडिया किंवा हिंदी. परमिटच्या पाटीवर मात्र इंग्रजी. वर्षभरात एक काम करा: दहा मिनिटांचे एक टूलबॉक्स बोलणे (काम सुरू करण्याआधी कामगारांशी सुरक्षेबद्दल बोलणे) तयार करा, टाकीत उतरण्याबद्दल, आणि ते हिंदीत बोला. मग लोडिंगच्या एकाला त्याच्या भाषेत परत सांगायला लावा आणि दुसऱ्याकडून ते हिंदीत ऐका. कुठला मुद्दा वाटेत गळाला, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. बहुतेक वेळा गळतो तो पहारेकऱ्याचा.